सी. एस. लुईस यांचा बालसाहित्यविचार

मुलांसाठी लिहिताना लेखकाने त्यांच्या पातळीवर उतरले पाहिजे, हा समज बालसाहित्याच्या चर्चेत वारंवार आढळतो. 'नार्निया' या सात कादंबऱ्यांच्या मालिकेचे (१९५०-१९५६) लेखक सी. एस. लुईस (१८९८-१९६३) यांनी १९५२ साली ब्रिटनमधील ग्रंथपालांसमोरील भाषणात या समजाचे खंडन केले.

त्यांच्या मते बालकथालेखनाचे तीन मार्ग आहेत. स्वतःला न रुचणारे, परंतु मुलांना रुचेल असे वाटणारे लिहिणे हा पहिला. तो त्यांनी त्याज्य ठरविला. एखाद्या विशिष्ट मुलाला सांगितलेली गोष्ट पुढे ग्रंथरूप घेते, हा दुसरा. तिसरा त्यांचा स्वतःचा: आशयाला बालकथा हाच उचित वाङ्मयप्रकार म्हणून तो स्वीकारणे. केवळ मुलांनाच आवडणारी बालकथा त्यांच्या दृष्टीने सकस नव्हे.

बालकथेतून मृत्यू व क्रौर्य वगळावे, हे मतही त्यांना अमान्य होते. जगात क्रूर शत्रू भेटणारच असतील, तर मुलांना शूरांच्या कथाही ठाऊक असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा केवळ तात्त्विक युक्तिवाद नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सुरक्षिततेसाठी शहरातून हलविलेली मुले त्यांच्या ऑक्सफर्डमधील घरी राहिली होती. मालिकेच्या पहिल्या कादंबरीतील भावंडेही हवाई हल्ल्यांमुळेच लंडन सोडतात.

बोध ठरवून कथा रचू नये, असेही ते सांगतात. 'नार्निया'तील उघड ख्रिस्ती आशय पाहता हे पथ्य त्यांनी स्वतः कितपत पाळले, याविषयी मात्र समीक्षकांत मतभेद आहेत.