गार समुद्रात सर्फिंग : पहिलं मिनिट का महत्त्वाचं?

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर टोफिनो हे गाव आहे. तिथल्या कॉक्स बे किनाऱ्यावर लाटा खडकांवर नाही, तर वाळूच्या उथळ पट्ट्यांवर फुटतात. हिवाळ्यात पर्यटक कमी होतात, लाटा मात्र मोठ्या होतात. पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षाही गार असतं.

अशा पाण्यात सर्वात आधी धोका कशाचा?

आपल्याला वाटतं, गारठून जाण्याचा. पण त्याआधी धोका असतो श्वासाचा. अंगाला अचानक गार पाणी लागलं की माणूस नकळत जोरात श्वास ओढतो आणि धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं.

कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी १-१०-१ हे सूत्र मांडलं. पहिलं १ मिनिट श्वास सावरण्याचं. नंतर साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात. गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो.

मग सर्फर तासन् तास कसे टिकतात?

वेटसूटमुळे. त्याच्या निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ते अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. हिवाळ्यात जाड सूटसोबत डोक्यावर हुड, हातमोजे आणि बूटही लागतात.

हिमालयातल्या तलावात उडी मारायचा मोह झाला, तर हे आठवा. चुकून गार पाण्यात पडलात, तर लगेच हातपाय मारू नका. तरंगत राहा, आधी श्वास सावरा, मग बाहेर या.