ऐकायला एक, अर्थ दोन

'मोहोळ' म्हटले की आपल्याला तालुक्याचे गाव आठवते. परगावच्या माणसाला मधमाश्यांचे पोळे. शब्द एकच, अर्थ संदर्भाने कळतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. येथे मात्र अर्थ वेलांटी ठरवते. इंग्रजीत हे काम स्पेलिंग करते.

मालदांडी ज्वारीच्या या प्रदेशात 'सीरियल' हा शब्द घ्या. सी-ई-आर-ई-ए-एल म्हणजे तृणधान्य. हे नाव सेरेस या रोमन धान्यदेवतेवरून आले. एस-ई-आर-आय-ए-एल म्हणजे क्रमवार चालणारी मालिका. 'फ्लॉवर'ची गंमत निराळी. फूल आणि पीठ हे दोन्ही शब्द मुळात एकच. धान्याचा सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे जणू त्याचे फूल! पुढे पिठाने ओ-यू-आर हे वेगळे स्पेलिंग घेतले.

दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी' लिहिताना शेवटी ई-आर-वाय हवे. ए-आर-वाय लिहिल्यास अर्थ होतो 'स्थिर, न हलणारे'. संगणकही ही चूक पुष्कळदा दाखवत नाही, कारण दोन्ही स्पेलिंग शुद्धच असतात. म्हणून मुलांना नुसत्या जोड्या पाठ करायला न लावता प्रत्येक शब्द वाक्यात लिहायला लावावा.

शेवटची जोडी आपल्या पेढीची. 'प्रिन्सिपल'च्या अखेरीस ए-एल असेल तर मुद्दल, एल-ई असेल तर तत्त्व. व्यापाऱ्याने दोन्ही जपावीत. पण हिशेबाच्या पत्रात एकाच्या जागी दुसरे लिहू नये.