सापाचे घर

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या की सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत कोठे ना कोठे साप निघाल्याची हाकाटी होते. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या वस्त्यांत नांदत आहेत. समजा, अशाच एका घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाने विटांच्या ढिगाजवळून धामणीचे पिल्लू उचलले, काचेच्या बरणीत घातले, झाकणास खिळ्याने चार भोके पाडली आणि आईस विचारले, "आई, मी याला पाळू? याच्यासाठी कसले घर करू?" आई बहुधा किंचाळेल, आणि बाप काठी शोधील. तथापि मुलाच्या या प्रश्नास काठीहून चांगले उत्तर देता येते, आणि ते देणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, सापाच्या अंगी आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. थंडी वाजली तर तो उन्हात येतो, उकडू लागले की बिळात शिरतो. म्हणून त्याच्या घराचा एक भाग उबदार व दुसरा थंड असावा लागतो आणि दोन्हींकडे दडण्यास जागा लागते. उघड्यावर पडलेला साप सदैव भ्यालेला असतो. त्यास अंग ताणून पडता येईल एवढी लांबी हवी, खेळती हवा हवी, पाण्याचे पसरट भांडे हवे, आणि कात सुखाने टाकता यावी यासाठी हवेत बेताचा ओलावा हवा. झाकण इतके घट्ट असावे की डोके शिरेल एवढी फट कोठेही राहू नये. कारण जेथून डोके निघते, तेथून बहुतेक सारा साप निघतो. दोन साप एकत्र ठेवणेही धोक्याचे, कारण नाग दुसऱ्या सापांनाही खातो. आता आपली बरणी पाहा. सुरतेच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली काच ही सापाचे घर न होता भट्टी होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग, घोणस, अजगर, धामण यांसारखे आपल्या देशातील साप पकडणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. आफ्रिकेतून आलेला बॉल पायथन नावाचा लहान अजगर काही हौशी लोक पाळतात. त्यास सुमारे चार फूट लांबीची पेटी लागते, तिच्या उबदार बाजूस ३१ ते ३३ अंश उष्णता राखावी लागते, आणि तो वीस-तीस वर्षे जगतो. अशा परदेशी प्राण्यांची शासनाकडे नोंद करण्याविषयी २०२४ साली स्वतंत्र नियम झाले आहेत. बारा वर्षांच्या मुलाचा हट्ट तीस वर्षे पुरेल काय, याचा विचार आईबापांनीच करावा.

मग साप कोणीच ठेवीत नाही काय? ठेवितात, परंतु परवान्याने आणि माणसाचे प्राण वाचविण्यासाठी. तामिळनाडूत १९७८ साली इरुळा जमातीच्या सर्पधारकांची सहकारी संस्था स्थापन झाली. हे लोक विषारी साप मातीच्या मडक्यात ठेवून तोंडास सुती फडके बांधितात. मडक्यात अंधार असतो, गारवा असतो आणि फडक्यातून हवा येते. म्हणजे बिळाचाच तो एक नमुना होय. आठवड्यास एकदा असे काही वेळा विष काढून, महिन्याभराच्या आत साप पुन्हा रानात सोडितात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेत, तसेच सुरतेपासून फार दूर नसलेल्या धरमपूर येथील सर्पसंशोधन संस्थेतही विषसंकलनासाठी साप ठेविलेले आहेत. असे विष अल्प प्रमाणात घोड्यांस टोचून त्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील लस तयार करितात. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यावरून या मडक्यांचे मोल कळावे.

उलट, गारुड्याची टोपली पाहा. तीत नागाचे दात पाडलेले असतात, पुष्कळदा तोंडही शिवलेले असते. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव पुढे आलेले दूध पितो आणि आपण त्यास भक्ती समजतो. वस्तुतः साप मांसाहारी प्राणी आहे; दूध त्यास पचत नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीपूर्वी नाग पकडून मडक्यांत ठेवण्याची जुनी चाल होती. तिच्यावरही २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली. मडके तेच; परंतु इरुळांच्या मडक्यातून औषध निघते, आणि जत्रेच्या मडक्यातून केवळ तमाशा. घर कोणत्या हेतूने बांधिले, यावर त्याचे बरेवाईट ठरते.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. त्यास मारू नये, हिणवूही नये. साप बिनविषारी वाटला तरी त्यास पुन्हा हात लावू देऊ नये. मण्यार व कवड्या यांत जाणतेही फसतात. बरणी सावलीत ठेवून माणसे दूर करावीत आणि गुजरातेत १९६२, तर महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, घट्ट आवळणे व मांत्रिक हे सारे टाळून, दंशाचा अवयव न हलविता १०८ च्या गाडीने थेट रुग्णालय गाठावे.

आणि मुलास सांगावे, "बाळा, धामणीचे घर देवाने आधीच बांधून ठेविले आहे. शेताचा बांध, वारुळ आणि उंदराचे बीळ हे तिचे घर. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही निव्वळ कल्पना. ती उंदीर खाऊन आपले धान्य राखते. तिला तेथे जाऊ दे. तुला साप पाळायचाच असेल, तर त्याचे रान पाळ." घराभोवतीचा विटा-लाकडांचा ढीग हलविला, सांडलेले धान्य झाडले आणि उंबऱ्याची फट बुजविली, की सापाचे घर सापास आणि आपले घर आपणांस राहते. बरणी रिकामी झालेली पाहून मुलाच्या डोळ्यांत पाणी येईल. पण त्या सायंकाळी तो जे शिकेल, ते जन्मभर पुरेल.