जपानमधलं बाळंतपण आणि एक फडकं

"परदेशी जाऊन आलात ना? मग काय काय पाहिलंत?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. कारण दीड महिना जपानला राहून मी फुजी पर्वत पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, आणि तोही अर्धा ढगात. देवळं दोन पाहिली. बाकी सगळा वेळ गेला स्वयंपाकघरात, बाळाच्या दुपट्यांत आणि भाच्याच्या शाळेच्या वाटेवर. कारण मी सहलीला गेलेच नव्हते. मी गेले होते बहिणीच्या बाळंतपणाला!

धाकटी बहीण टोकियोत एदोगावा भागातल्या निशी-कासाईला राहते. आपली माणसं तिथे पुष्कळ. २०१९ साली या भागाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक तर मराठीच. २०२४ च्या एप्रिलमध्ये बहिणीचं दुसरं बाळंतपण होतं. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे तिचं जाणं शक्य नव्हतं. आमचे हे म्हणाले, "तू जा. शाळेला सुट्टी लागतेच आहे, मी आणि आई सांभाळू." मग डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत घालून मी निघाले.

मनात धाकधूक होती. परक्या देशात बाळंतपणाचं करायचं म्हणजे सगळंच वेगळं असणार असं वाटत होतं. पण पहिलं नवल तिथेच वाटलं. शेजारच्या सत्तरीच्या आजीबाई बाळाला बघायला आल्या. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी विचारलं. बहीण हसून म्हणाली, "ताई, त्या विचारताहेत, बाळंतपणाला तू माहेरी नाही गेलीस, म्हणून माहेर इकडे आलं का?" म्हणजे जपानी मुलीही बाळंतपणाला माहेरी जातात! 'सातोगाएरी' म्हणतात त्याला. आता नोकऱ्यांमुळे सगळ्यांना जमत नाही, पण रीत अजून आहे.

आणखीही गंमत ऐका. पाचव्या महिन्यात तिथे पोटाला पट्टा बांधायचा विधी असतो, आणि त्यासाठी दिवस निवडतात तो 'कुत्र्याचा'. पंचांगातला तो दिवस दर बारा दिवसांनी येतो. कुत्री म्हणे सहज विते, म्हणून! बाळाची नाळ पडली की ती वाळवून एका हलक्या लाकडाच्या डबीत जपून ठेवतात. आणि शंभराव्या दिवसाच्या सुमारास बाळापुढे छोटंसं ताट मांडून त्याला अन्न नुसतं ओठाला लावतात. आपलं उष्टावणच की हो! मी आजीबाईंना खुणेने सांगितलं, "आमच्याकडेही असंच." त्यांनी माझा हात हातात घेतला. भाषा अडली नाही.

पण रोजच्या घरात मात्र मी चुकांवर चुका केल्या. दारात चपला काढायची सवय आपल्याला असतेच. तिथे दाराशी त्यासाठी एक पायरी खाली अशी जागाच असते. पण संडासात जाताना घरातल्या सपाता बाहेर काढून आतल्या वेगळ्या घालायच्या, आणि येताना पुन्हा बदलायच्या. मी त्याच सपाता घालून बैठकीच्या खोलीत! भाचा केवढ्याने ओरडला, "मावशी, त्या आतल्या आहेत!" जपानमध्ये राहूनही पोरगं सोवळंओवळं शिकलंय, असं मला क्षणभर वाटलं.

आंघोळीचंही तसंच. टबाबाहेर बसून साबण लावून, स्वच्छ होऊन मगच टबातल्या गरम पाण्यात बसायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच. वर झाकण घालून ऊन ठेवतात आणि बरेच जण उरलेलं पाणी कपडे धुवायला वापरतात. मी पहिल्या दिवशी टबात बसून साबण लावला आणि सगळं पाणी फुकट घालवलं.

पण खरी लाज वाटली ती कचऱ्याच्या बाबतीत. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद यांचा वार वेगळा, न जळणारा कचरा महिन्यातून दोनदा. त्या त्या सकाळी ठरलेल्या जागी पिशवी ठेवायची आणि वर कावळ्यांसाठी जाळं ओढायचं. मी एका सकाळी घाईत भाज्यांची देठं, काचेची बरणी आणि पत्र्याचा डबा एकाच पिशवीत बांधून ठेवून आले. दुपारी खाली गेले तर बाकी जागा लख्ख, आणि आमची एकटीची पिशवी तिथेच! वर चिठ्ठी चिकटवलेली. बहीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. "ताई, आम्ही इथे बाहेरचे. आमचं काही चुकलं तर ते सगळ्यांच्या लक्षात राहतं," एवढंच म्हणाली. संध्याकाळी आजीबाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी ती पिशवी सोडली आणि माझ्यासमोर एकेक वस्तू वेगळी केली. सत्तर वर्षांच्या बाईने माझा कचरा हाताने निवडला! त्या दिवसानंतर माझी एकदाही चूक झाली नाही.

रस्त्यात कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी पुष्कळ ठिकाणचे डबे काढून टाकले. तरी रस्ते स्वच्छ. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. हे कसं जमतं, याचं निदान थोडं उत्तर मला भाच्याच्या शाळेत सापडलं.

भाचा एप्रिलमध्येच पहिलीत गेला होता. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. शाळेने पाठवलेल्या सामानाच्या यादीत वह्या, पेन्सिली यांच्याबरोबर एक ओळ होती: 'झोकिन, दोन.' झोकिन म्हणजे पुसायचं फडकं! दुकानात तयार मिळतं, पण बहिणीकडे जुने टॉवेल होते, म्हणून मीच शिवायला बसले. टॉवेलचा तुकडा दुमडून कडेने धावदोरा घालायचा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे दोन टाके, आणि एका कोपऱ्याला अडकवायला नाडी. आपली गोधडी शिवणारीला हे पाच मिनिटांचं काम. त्यावर भाच्याचं नाव लिहिताना माझ्या मनात आलं, शाळेत जाणाऱ्या मुलासाठी आपण कधी असलं काही शिवलंय का?

मे महिन्यात पालकांना शाळा पाहायला यायचा दिवस होता. बहीण ओली बाळंतीण, मेहुणे कामावर, म्हणून मी गेले. आपल्या सपाता बरोबर न्यायच्या असतात, ते विसरले. मग शाळेच्या पाहुण्यांसाठीच्या सपाता घालून, फटक फटक आवाज करत वर्गात पोचले.

दुपारचं जेवण वर्गातच. त्या दिवशी ज्यांची पाळी, ती मुलं पांढरे झगे, टोप्या आणि तोंडाला मास्क लावून अन्नाची भांडी घेऊन आली आणि सगळ्यांना वाढू लागली. बाईंनाही तेच जेवण. शाळेतल्या जेवणाची सुरुवात जपानमध्ये १८८९ साली त्सुरुओका गावी गरीब मुलांसाठी झाली आणि १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला. महिनाभराचा बेत, त्यातल्या सगळ्या जिनसांसह, आधीच घरी येतो. आमचा भाचा शाकाहारी, म्हणून बहीण तो कागद बघून शक्य तितका तसाच दिसणारा डबा देते. पोराला वेगळं वाटू नये म्हणून तिची केवढी धडपड!

जेवणं झाली आणि बाकं मागे सरली. सहावीतली मोठी मुलं आली आणि पहिलीच्या चिमुकल्यांना केर कसा काढायचा, फडकं कसं पिळायचं ते दाखवू लागली. मुलं फडक्यावर दोन्ही हात टेकून, वाकून, एका रांगेत फरशी पुसत धावत सुटली. मुलगे, मुली, सगळे. बाईंच्याही हातात फडकं होतं. अनेक शाळांत मोठ्या वर्गांतली मुलं स्वच्छतागृहंही धुतात. शाळेत शिपाई असतात, पण वर्ग ज्याचा त्याने साफ करायचा. मी शिवलेलं फडकं काळं करकरीत करून भाचा माझ्यापुढे आला, आणि मला का कोण जाणे, भरून आलं.

पुढे बहिणीने सांगितलं की पाचवी-सहावीत तिथे घरकामाचा विषय सगळ्यांना असतो. बटण लावणं, भात शिजवणं, मिसोचं सार करणं हे मुलगेही शिकतात. पण वरच्या वर्गांत पूर्वी तसं नव्हतं. माध्यमिक शाळेत मुलींना घरकाम आणि मुलांना यंत्रकाम अशी विभागणी होती. तिकडच्या बायकांनी आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा १९९३ मध्ये माध्यमिक शाळेत आणि १९९४ पासून त्याच्या वरच्या शाळेत हा विषय मुलगे-मुली दोघांना सारखा झाला.

मैत्रिणींनो, इथवर वाचून जपानी बायका किती भाग्यवान, असं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण २०२१ च्या सरकारी पाहणीतले आकडे बघा. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर बाई घरकाम आणि मूल यांत दिवसाला ७ तास २८ मिनिटं घालवते. पुरुष? १ तास ५४ मिनिटं. आणि ही म्हणे पूर्वीपेक्षा सुधारणा! शाळेत फरशी पुसणारा मुलगा मोठा होऊन रात्री दहाला कचेरीतून येतो आणि घरची फरशी बायको पुसते. नुसतं शाळेने सगळं होत नाही, हे तिथेही दिसतं.

तरीही परत आल्यावर मला राहवेना. मी आमच्या गावातल्या एका शाळेत पाचवीला मराठीचे तास घेते. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून शनिवारच्या शेवटच्या तासाची दहा मिनिटं मागून घेतली आणि मुलांना घरून एकेक फडकं आणायला सांगितलं. सोमवारी एक वडील हजर! "बाई, आम्ही फी भरतो ती पोरानं शिकावं म्हणून, झाडू मारायला नाही." त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. पण एका मुलीची आई हळूच म्हणाली, "बाई, माझी मुलगी घरी रोज झाडतेच हो. निदान शाळेत तरी तिला नुसतं बसू द्या." याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

आणि मग शाळेत केर काढणाऱ्या मावशी. त्यांचं काम जाईल अशी भीती त्यांना वाटत असेल, असं मला वाटलं. मी समजावू लागले, तर म्हणाल्या, "तसं नाही बाई. मी शाळेत होते तेव्हा गुरुजी झाडू आमच्याच आळीतल्या पोरींच्या हातात द्यायचे. बाकीची बाहेर खेळायची. तुम्ही कुणाच्या हातात देणार, ते आधी ठरवा."

मी गप्प झाले. जपानमधलं फडकं मी पिशवीत घालून सहज आणलं होतं. पण आपल्या देशात झाडूला जात आहे आणि तो बाईचा आहे, हे मावशींनी एका वाक्यात मला शिकवलं. मग नियम ठरला: हजेरीपटाच्या क्रमाने, एकेकाची पाळी, कुणाला सूट नाही, मुलगा असो की मुलगी. आणि पहिली पाळी माझी. पहिल्या शनिवारी वर्गाचा केर मी काढला. तक्रार घेऊन आलेल्या त्या वडिलांचा मुलगा दुसऱ्या शनिवारी आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला आणि फळा असा पुसला की काही विचारू नका! बाकी वर्गांनी हे उचललेलं नाही. आमचा एकच वर्ग आहे, दहा मिनिटांचा.

घरचं काय? आमचा मुलगा आठवीत आहे. "जेवलेलं ताट आणि शाळेचा डबा तुझा तू घासायचा," असं मी सांगितलं तेव्हा त्याने आजीकडे पाहिलं. सासूबाई आता नक्की म्हणणार, "पोराला कशाला भांडी?" म्हणून मी मनातल्या मनात उत्तर जुळवू लागले. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाला मी काही शिकवलं नाही. तुझ्या मुलाचं तू बघ."

वर्तमानपत्रामागून आमचे हे सगळं ऐकत होते. बोलले काहीच नाहीत. पण त्या रात्री त्यांचं ताट मोरीत गेलेलं मी पाहिलं. घासलेलं नव्हतं, पण गेलं होतं!

भाच्यासाठी शिवलेल्या फडक्यांबरोबरचं तिसरं फडकं मी येताना बरोबर आणलं. आता ते आमच्या ओट्याजवळच्या खिळ्याला आहे. नाडी मुद्दाम खाली लावली आहे, सगळ्यांचा हात पोचेल अशी.