लेण्यातील चित्रीकरणासाठी घरगुती दिवा

शिवडी, प्रतिनिधी – शिवडीच्या आग्नेयेस, मुंबई बंदरातील घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालील केबलद्वारे वीज पोहोचली. लेण्यात चित्रीकरण करू पाहणाऱ्या हौशी मंडळींची अडचण मात्र त्यामुळे संपत नाही. मुख्य लेण्याचे तोंड उत्तरेला असल्याने दक्षिण भिंतीवरील सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखी सदाशिवावर थेट ऊन पडत नाही. डोळ्यांना पुरेसा वाटणारा तेथील उजेड कॅमेऱ्याला अपुरा पडतो.

हाती धरून फिरवता येईल असा दिवा घरीच तयार करता येतो. १२ व्होल्टची एलईडी पट्टी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवावी, म्हणजे उष्णता बाहेर पडते. पुढे दुधी अॅक्रिलिक लावल्यास प्रकाश मऊ होतो. तारेत फ्यूज हवाच.

खरी मेख बॅटरीत आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. त्यावर २० वॉटचा दिवा कागदोपत्री चार तास चालतो. परंतु शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून हिशेब दोन तासांचाच धरावा.

दिवा कॅमेऱ्यालगत ठेवल्यास कोरीवकाम सपाट दिसते. बाजूने तिरपा प्रकाश पाडला, तर सावल्यांमुळे शिल्पाची खोली उमटते. वटवाघळांवर झोत टाकणे टाळावे. अजिंठ्याच्या चित्रांसमोर तर फ्लॅशलाही मनाई आहे.

संरक्षित लेण्यांत दिवे वा ट्रायपॉड नेण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. तेव्हा दिव्याची जुळवाजुळव सुरू करण्यापूर्वीच अर्ज केलेला बरा.