ठाण्याची स्वारी आणि खलिफांचा जाब

अरबांच्या हिंदुस्थानावरील स्वाऱ्यांची कहाणी आपल्याकडे बहुधा इ. स. 712 च्या सिंध-विजयापासून सांगितली जाते. तिच्या पाऊणशे वर्षे आधीच अरबांचे सैन्य समुद्रमार्गे आपल्या ठाण्यावर चालून आले होते, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी अविश्वासाने पाहतात. सक्करदऱ्याचा तलाव हाच ज्याचा समुद्र, अशा प्राध्यापकाने हे सांगावे, हेही त्यास कारण असेल!

ही स्वारी धाडणारे उस्मान बिन अबी अल-आस हे पैगंबरांच्या सहाबींपैकी, म्हणजे त्यांचा प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या अनुयायांपैकी एक. ताइफच्या सकीफ टोळीचे शिष्टमंडळ पैगंबरांकडे गेले तेव्हा त्यात ते वयाने सर्वांत लहान होते. तरीही ताइफचा कारभार त्यांच्यावरच सोपविला गेला. 632 मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर अनेक टोळ्या फुटल्या. ताइफ त्यांनी फुटू दिले नाही. पुढे खलिफा उमर यांनी त्यांना बहारीन व ओमानचे सुभेदार नेमले.

नवव्या शतकातील इतिहासकार बलाजुरी सांगतो की, 636 च्या सुमारास या सुभेदारांनी ठाण्याकडे सैन्य पाठविले. त्यांच्या भावानेही भडोचकडे एक तुकडी धाडली. कोकणावर तेव्हा बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीची सत्ता होती. सैन्य परतल्यावर उस्मान यांनी खलिफांना तसे कळविले. उत्तरात शाबासकी नव्हती. लाकडावर किडा बसवावा तशी तुम्ही माणसे समुद्रावर सोडलीत. ती दगावली असती तर तितकीच माणसे तुमच्या टोळीतून वसूल केली असती, अशा आशयाचा तो जाब होता.

अर्थशास्त्राच्या माणसाला हे उत्तर थबकवते. मोहिमेच्या हिशेबात लूट जमेस धरतात आणि माणसे मुकाट्याने खर्ची टाकतात. उमर यांनी खर्चाची बाजू आधी पाहिली आणि तिची भरपाई निर्णय घेणाऱ्याच्या आप्तांवर बसविली. असे कलम आजवर कोणत्याही अंदाजपत्रकात मला आढळलेले नाही. मात्र ही निव्वळ करुणा मानणे भाबडेपणाचे ठरेल. जमिनीवरच्या युद्धांत याच खलिफांनी हात आखडता घेतला नव्हता. परवानगीवाचून मोहिमा काढणारा सुभेदार कोणत्याच मध्यवर्ती सत्तेला परवडत नाही.

उस्मान यांचे पद मात्र गेले नाही. त्यांनी इराणच्या फार्स प्रांतात लढून तव्वज जिंकले. समुद्रावरील मोहिमेला पुढच्या खलिफांनी परवानगी दिली आणि 649 मध्ये मुआविया यांनी सायप्रस गाठले. त्याच सुमारास उस्मान यांना सुभेदारीवरून दूर करण्यात आले. ते बसऱ्यास स्थायिक झाले. तेथे त्यांना इनाम मिळालेली जमीन त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.