व्होल्टेज चढवण्याआधी भार उतरवा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँडच्या चेसापीक उपसागरापासून खाली फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलपर्यंत, खासगी बोटींसाठी बांधलेल्या मरीनांची रांगच लागलेली आहे. तिथल्या धक्क्याला बांधलेली बोट म्हणजे एक छोटं बिऱ्हाडच असतं. एअर कंडिशनर, फ्रिज, गीझर, मायक्रोवेव्ह, बॅटरी चार्जर असं सगळं तिच्यात असतं आणि ते चालतं धक्क्यावरच्या खांबातून केबलने घेतलेल्या विजेवर, म्हणजे ‘शोअर पॉवर’वर. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी बोटीबोटीतले एअर कंडिशनर सुरू झाले, की १२० व्होल्ट दाखवणारा मीटर ११२ वर, १०८ वर, कधी १०४ वर उतरू शकतो. दिवे मंदावतात, कॉम्प्रेसर सुरू होताना घुरघुरतो आणि बोटमालकाच्या मनात पहिला विचार येतो तो व्होल्टेज वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. हा क्रम चुकीचा आहे. व्होल्टेज उतरलं की आधी भार कमी करावा, मग ते नेमकं कुठे उतरतं आहे ते शोधावं, आणि चढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. याची कारणं साध्या गणितात आहेत.

वीज तारेतून जाताना तारेच्या रोधापायी थोडं व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं, आणि ही घट प्रवाहाच्या पटीत वाढते. अमेरिकेतल्या मध्यम बोटीची जोडणी १२० व्होल्ट आणि ३० अँपिअरची असते. मोठ्या बोटींना ५० अँपिअरची १२०/२४० व्होल्टची जोडणी लागते. ३० अँपिअरच्या नेहमीच्या १५ मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.१ ओहम भरतो. म्हणजे पूर्ण प्रवाहाला त्या एका केबलमध्येच ३ व्होल्ट गेले. बोट लांब बांधली म्हणून दुसरी केबल जोडली तर ६. युरोपातली बोट २३० व्होल्टवर १६ अँपिअर घेते. दोन्हीकडे मिळणारी शक्ती जवळजवळ सारखीच, ३,६०० वॉटच्या आसपास. पण युरोपात प्रवाह जवळपास निम्मा असल्याने त्याच जाडीच्या केबलमध्ये होणारी टक्केवारीतली घट चौथाईच्या जवळ येते. अमेरिकी बोटींना हा त्रास अधिक का जाणवतो, त्याचं एक मोठं कारण हे.

पण बोटीची केबल हा वाटेचा शेवटचा तुकडा झाला. खरी मेख त्याच्या मागे, संपूर्ण धक्क्याला वीज पुरवणाऱ्या मुख्य तारांमध्ये आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधलं कलम ५५५ मरीनांसाठी आहे. सगळ्या बोटी एकाच वेळी पूर्ण वीज ओढणार नाहीत, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. एका फीडरवर ४ पर्यंत जोडण्या असतील तर पूर्ण क्षमतेचा हिशेब करावा लागतो. १५ ते ३० जोडण्यांना बेरजेच्या ७० टक्के धरले तरी चालतात आणि ७० च्या वर जोडण्या गेल्या की ३० टक्केसुद्धा पुरेसे मानले जातात. एरवी हा हिशेब बरोबरच असतो. मात्र अतिउष्ण किंवा अतिथंड भागात, जिथे गारव्यासाठी वा उबेसाठी सगळेच वीज ओढतात, तिथे ही सवलत अपुरी ठरू शकते, असा इशाराही त्याच कोडमध्ये आहे. तारेतली घट फीडर आणि शाखा मिळून ५ टक्क्यांच्या आत राहावी, ही त्या कोडमधली सर्वसाधारण टीप केवळ शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे एखादा धक्का पूर्णपणे नियमात बसत असूनही रणरणत्या दुपारी तिथलं व्होल्टेज कोसळू शकतं. ते कोसळतं एकाच वेळी जमलेल्या भारामुळे.

कमी व्होल्टेजचा परिणाम सगळ्या उपकरणांवर सारखा होत नाही. गीझरचं कॉइल सोशिक असतं. १२० ऐवजी १०४ व्होल्ट मिळाले तर १,५०० वॉटचं कॉइल सुमारे १,१२५ वॉटवर येतं. पाणी उशिरा तापतं, एवढंच. आधुनिक बॅटरी चार्जर ठरलेली शक्ती घेणारच, त्यामुळे व्होल्टेज घटलं की तो प्रवाह वाढवून घेतो. सर्वांत बिकट अवस्था मोटरची. तिचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के घटलं की सुरुवातीचा जोर १९ टक्क्यांनी घटतो. कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध फिरू शकला नाही तर तो जागच्या जागी अडकतो आणि नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढत तापत राहतो. फिरला तरी तेवढंच काम करायला त्याला जास्त प्रवाह लागतो. प्रवाह १० टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता २१ टक्के वाढते. रब्बीच्या हंगामात गावातले सगळे शेतीपंप एकदम सुरू झाले की महाराष्ट्रातल्या मोटरी का जळतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. चेसापीकच्या धक्क्यावर शास्त्र तेच आहे. ११५ व्होल्टची मोटर साधारण १० टक्के कमी व्होल्टेज सोसते, म्हणजे तिची खालची मर्यादा १०४ च्या आसपास येते. मीटर १०८ वर आला की एअर कंडिशनर बंद करावा, कारण त्यानंतर हातात फारसं काही उरत नाही.

आता ट्रान्सफॉर्मरवाल्यांची बाजू पाहू. ते म्हणतील, १०४ चे १२० करून घेतले की मोटर सुखात, मालकही सुखात. बोटीपुरतं हे खरं आहे. पण ट्रान्सफॉर्मर वीज निर्माण करत नाही. व्होल्टेज १५ टक्के चढवायचं तर धक्क्याकडून प्रवाह १५ टक्के जास्त घ्यावा लागतो. बोटीत २६ अँपिअर वापरले तर खांबावर ३० अँपिअरचा भार पडतो आणि तिथला ब्रेकर आपल्या मर्यादेला टेकतो. ज्या गीझरने कमी व्होल्टेजमुळे आपोआप कमी वीज घेतली असती, तो आता पूर्ण शक्तीने तापतो आणि धक्क्याकडून आधीपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रवाह ओढतो. हा वाढीव प्रवाह त्याच अपुऱ्या तारांतून येत असल्याने त्यांच्यातली घटही वाढते. शेजारच्या बोटीचं व्होल्टेज आणखी खाली जातं, मग शेजारीही ट्रान्सफॉर्मर बसवतो. एकाने केलेला उपाय सगळ्यांनी केला की तोच रोग होतो. शिवाय कायम १५ टक्के चढवणारं साधं यंत्र रात्री धोक्याचं ठरतं. भार ओसरून धक्क्यावर पुन्हा १२० व्होल्ट आले की बोटीत १३८ पोहोचतात. व्होल्टेज पाहून आपणहून चढ-उतार करणारी यंत्रं मिळतात, त्यांनी हा शेवटचा धोका टळतो. आधीचा आक्षेप तसाच राहतो.

तरीही एका परिस्थितीत ट्रान्सफॉर्मरच योग्य ठरतो. काही मरीनांना तीन फेजचा पुरवठा असतो. तिथे प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट असले तरी दोन फेजमध्ये २४० न मिळता २०८ च मिळतात. भार असो वा नसो, मीटर २०८ च दाखवतो, कारण ती पुरवठ्याची रचनाच आहे. तारेतली घट नव्हे. २३० व्होल्टच्या मोटरची खालची मर्यादा २०७ असल्याने ती इथे कड्यावरच उभी असते, आणि केबलमधल्या थोड्याशा घटीनेही खाली घसरते. तारा पुरेशा जाड असतील तर अशा ठिकाणी २०८ चे २४० करणारा ट्रान्सफॉर्मर लावणं सयुक्तिक आहे. म्हणूनच निदान आधी हवं. सगळी उपकरणं बंद ठेवून व्होल्टेज पाहावं आणि मग एकेक सुरू करत पुन्हा पाहावं. रिकामं असतानाच ते कमी असेल तर दोष पुरवठ्याच्या रचनेत किंवा शेजाऱ्यांच्या भारात आहे. आपल्या भाराने उतरत असेल, तर ते खांबावरच उतरतं की खांब आणि बोट यांच्यामध्ये, हा पुढचा प्रश्न. खांबावरचं मोजमाप मरीनाच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. पाण्याशेजारी उघड्या टर्मिनलला हात घालण्याची हौस नको.

हे शोधणं महत्त्वाचं आहे, कारण लहानशा घटीमागे मोठी आग दडलेली असू शकते. खाऱ्या हवेने गंजलेल्या किंवा सैल झालेल्या प्लगमध्ये ०.१ ओहमचा रोध आला, तर ३० अँपिअरला घट फक्त ३ व्होल्टची दिसते. पण तेवढ्या इवल्याशा जागी ९० वॉट उष्णता तयार होते, आणि ती चांगल्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त आहे. ट्रान्सफॉर्मर हे ३ व्होल्ट भरून काढेल, प्रवाह वाढवेल आणि तो प्लग आणखी तापवेल. अर्ध्या तासाच्या भारानंतर प्लग हाताला गरम लागत असेल किंवा त्याच्या पिना काळवंडल्या असतील, तर तो बदलणं हाच उपाय. दुसरी खूण याहून गंभीर आहे. ५० अँपिअरच्या जोडणीत एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला १५० व्होल्ट दिसले, तर न्यूट्रल सुटला आहे असं समजावं आणि तत्काळ ब्रेकर पाडावा. म्हणून अशा बोटीत दोन्ही बाजूंचे मीटर वेगवेगळे असावेत.

‘मी ३० अँपिअरचे पैसे भरतो, मग मी का काटकसर करावी?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकी मानकानुसार वीज कंपनीने सामान्यतः ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११४ ते १२६ व्होल्ट द्यायचे असतात. वीज आत आल्यावर धक्क्याच्या तारा जाड करणं, ट्रान्सफॉर्मर बोटींच्या जवळ आणणं ही मरीनाची कामं, आणि ती करून घेण्याचा आग्रह धरलाच पाहिजे. वेळ, हवामान आणि व्होल्टेज यांची नोंदवही ठेवणाऱ्या चार बोटमालकांचं म्हणणं डावलणं व्यवस्थापकाला अवघड जातं. पण तारा बदलायला एखादा हंगाम जाईल आणि कॉम्प्रेसर एका दुपारीही जळू शकतो. तोपर्यंत एअर कंडिशनर चालू असताना गीझर बंद ठेवणं, पाणी पहाटे तापवणं, दुसरा कॉम्प्रेसर मागाहून सुरू करणं हे बिनखर्चाचे उपाय आहेत. सॉफ्ट स्टार्टरमुळे कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका कमी होतो, चालू प्रवाह मात्र तेवढाच राहतो. काही इन्व्हर्टर-चार्जरना धक्क्याकडून घ्यायच्या प्रवाहाची मर्यादा घालून देता येते. जास्तीची गरज ते बॅटरीतून भागवतात आणि रात्री भार ओसरला की बॅटरी पुन्हा भरतात. पैसे खर्च करायचेच असतील तर असं यंत्र ट्रान्सफॉर्मरपेक्षा बरं, कारण ते धक्क्यावरचा भार ऐन दुपारी घटवतं.

थोडक्यात, बोटीत चांगला व्होल्टमीटर बसवा, तो १०८ वर आला की मोटरी बंद करा, प्लग तपासा आणि मरीनाकडे लेखी तक्रार करा. एवढं करून मीटर रिकाम्या भारालाही २०८ वरच अडून राहिला, तरच ट्रान्सफॉर्मरच्या दुकानाची पायरी चढा.